कष्टणारा माणूस प्रत्यक्ष पाहून कसा रेखाटावा: व्हॅन गॉगच्या अभ्यासचित्रांवरून नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

व्हिन्सेंट व्हॅन गॉग म्हटले की बहुतेकांना सूर्यफुले आणि तारांकित रात्र आठवते. माणसाचे रेखाटन नव्याने शिकू पाहणाऱ्याला मात्र या रंगचित्रांपेक्षा त्याची १८८० ते १८८५ या काळातली काळीकरडी अभ्यासचित्रे अधिक शिकवतात, असे माझे ठाम मत आहे. १८८० साली, बेल्जियममधील बोरिनाज या खाणकामगारांच्या भागात राहत असताना, वयाच्या २७व्या वर्षी त्याने चित्रकार व्हायचे ठरवले. हातात उपजत सफाई नव्हती आणि नियमित शिक्षणही नव्हते. त्यामुळे त्याच्या सुरुवातीच्या चित्रांत प्रत्येक अडचण उघडी दिसते आणि ती कशी सुटली हेही दिसते. शिवाय भाऊ थिओ आणि चित्रकार मित्र व्हॅन रॅपार्ड यांना लिहिलेल्या पत्रांत तो कोणता कागद वापरला, मॉडेल कसे बसवले, कुठे अडले हे बारकाईने सांगत असे. एखाद्या मोठ्या चित्रकाराची शिकण्याची वाट इतकी स्पष्ट क्वचितच उपलब्ध असते.

हा लेख त्या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी आहे. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा दिली, वस्तुचित्र बऱ्यापैकी जमते, पण समोर माणूस आला की हात थांबतो, अशी अवस्था असलेले वाचक माझ्या डोळ्यांपुढे आहेत. ज्यांनी यापूर्वी काहीच काढलेले नाही त्यांनाही हे करता येईल. त्यांनी नक्कल करण्याच्या पायरीवर अधिक काळ थांबावे एवढेच.

सुरुवात करण्यापूर्वी एक गोष्ट पक्की करून घ्यावी. आपल्याला माणसाचा हुबेहूब चेहरा काढायचा नाही, तर तो करत असलेले काम काढायचे आहे. जुलै १८८५ मध्ये थिओला लिहिताना व्हॅन गॉग म्हणतो की आपल्या आकृत्या शाळेच्या हिशेबाने बिनचूक ठरल्या तर आपल्याला वाईटच वाटेल. खणणाऱ्या माणसाचे छायाचित्र घेतले तर त्यात तो खणत नसतोच. खणणारा खणताना दिसला पाहिजे, हा त्याचा आग्रह होता. पुढच्या सर्व पायऱ्या या आग्रहासाठी आहेत. कोणती पायरी का करायची असा प्रश्न पडला तर उत्तर तिथेच शोधावे.

साहित्य

साहित्य थोडे आणि साधे असावे. हेगमध्ये राहत असताना व्हॅन गॉग सुताराची पेन्सिल वापरत असे. ही चपट्या, रुंद शिशाची पेन्सिल आजही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. चाकूने तासून तिचे टोक पाचरीसारखे ठेवले की धारेने बारीक रेघ आणि सपाट बाजूने रुंद करडा पट्टा, अशी दोन्ही कामे एकाच पेन्सिलीने होतात. नवशिक्याला तिचा मोठा फायदा असा, की ती बारीकसारीक तपशिलांत रमू देत नाही. तिच्याबरोबर कोळशाच्या, म्हणजे चारकोलच्या, दोन-चार कांड्या, एक काळा खडू आणि मऊ खोडरबर पुरेसे आहे. खोडरबर चुका पुसण्यासाठी कमी आणि गडद भागातून उजेड काढण्यासाठी जास्त वापरावे.

कागद मात्र छोटा घेऊ नये. वहीच्या पानावर आपण मनगटाने काढतो आणि मोठ्या कागदावर खांद्याने. वाकलेल्या पाठीची रेषा खांद्यातून आली तरच तिच्यात जोर राहतो. व्हॅन गॉगची १८८५ च्या उन्हाळ्यातली शेतकऱ्यांची रेखाटने सुमारे अर्धा मीटर उंचीच्या कागदांवर आहेत. आपण चतुर्थांश नव्हे, निदान अर्धा इंपिरियल आकाराचा जाड कार्ट्रिज कागद घ्यावा आणि तो क्लिपांनी बोर्डावर लावावा. कागद महाग वाटल्यास पुठ्ठ्याच्या रंगाचा जाड वेष्टनाचा कागदही चालतो. कोळसा त्यावर उलट अधिक चांगला धरतो.

आधी नक्कल

प्रत्यक्ष माणसाकडे जाण्यापूर्वी व्हॅन गॉगने शार्ल बार्ग याने जेरोम या चित्रकाराच्या सहकार्याने तयार केलेल्या चित्रांकन पाठांची नक्कल केली. त्यातला कोळशाने करावयाच्या सरावाचा ६० छापील पानांचा भाग त्याने एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा काढला. मिये या फ्रेंच चित्रकाराच्या शेतकाम करणाऱ्या माणसांच्या चित्रांवरून निघालेल्या छाप्यांचीही त्याने नक्कल केली. या पाठांत सावलीचे आकार मोठे आणि सरळ कडांचे दाखवलेले असतात. आधी कोनदार ढोबळ आकार आणि मग वळण, हा क्रम हाताला त्यातून लागतो.

बार्गची ही पाने आता आंतरजालावर पाहायला मिळतात. त्यातली आठ-दहा निवडून, प्रत्येक दोनदा काढावे. थोडाफार सराव असलेल्यांना यापेक्षा अधिक काळ इथे घालवण्याची गरज नाही, कारण नक्कल करताना समोरचे चित्र आधीच सपाट झालेले असते आणि खरे कठीण काम, म्हणजे गोल माणूस सपाट कागदावर आणणे, दुसऱ्या कुणीतरी केलेले असते. तरीही या पायरीला कमी लेखू नये. आयुष्याच्या शेवटच्या महिन्यांत, जून १८९० च्या सुमारास, फ्रान्समधील ओव्हेर या गावी असताना व्हॅन गॉगने हेच पाठ थिओकडून पुन्हा मागवले होते, कारण नग्न आकृतीचे प्रमाण हातात राहावे अशी त्याची इच्छा होती.

प्लास्टरच्या पुतळ्यांवरून काढण्याचा मार्गही त्या काळी सर्वत्र रूढ होता. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्येही १९व्या शतकात विद्यार्थी अशाच ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्रतिकृतींसमोर बसत असत. व्हॅन गॉगचा मात्र या सरावावरून १८८२ मध्ये नातेवाईक आणि गुरू असलेल्या अँटन मॉव्हशी खटका उडाला आणि त्याने रागाच्या भरात आपल्याकडचे प्लास्टरचे तुकडे फोडून कोळशाच्या पेटीत टाकले. पुढे १८८६ च्या आरंभी अँटवर्पच्या अकादमीत आणि नंतर पॅरिसमध्ये तो पुन्हा प्लास्टरसमोर बसलाच. आपल्याला पुतळा सहज मिळत असेल तर काढावा. मिळत नसेल तर त्यासाठी अडून बसू नये.

माणूस निवडणे आणि त्याची संमती

घरातल्या माणसापासून सुरुवात करावी. विळीवर भाजी चिरणारी आई किंवा मावशी, शेंगा सोलणारे आजोबा, इस्त्री करणारा भाऊ हे उत्तम मॉडेल आहेत, कारण त्यांच्या हालचाली वर्षानुवर्षांच्या सवयीने ठरून गेलेल्या असतात. नेदरलँड्समधील एटेन या गावी आईवडिलांच्या घरी राहत असताना, सप्टेंबर १८८१ मध्ये, व्हॅन गॉगने थिओला कळवलेली यादी अशीच घरगुती आणि गावातली आहे: फावडे घेतलेला माणूस वेगवेगळ्या स्थितींत पाच वेळा, पेरणारा दोन वेळा, केरसुणी घेतलेली मुलगी दोन वेळा, पांढरी टोपी घालून बटाटे सोलणारी बाई, काठीवर रेललेला मेंढपाळ आणि चुलीशेजारी खुर्चीवर डोके हातात धरून बसलेला आजारी म्हातारा.

कपड्यांबाबत त्याने एक अडचण नोंदवली आहे, ती आपल्याकडेही हमखास येते. चित्र काढणार म्हटल्यावर गावकरी रविवारचे ठेवणीतले कपडे घालून येत, आणि त्या कपड्यांत गुडघे, कोपरे, खांद्याची हाडे यांनी आपले खड्डे-उंचवटे उमटवलेले नसत. आपल्या मॉडेललाही नवी साडी किंवा इस्त्रीचा शर्ट घालू नये, रोजचेच कपडे असू द्यावेत अशी विनंती करावी. अनेकदा धुतलेल्या सदऱ्याच्या कोपराला पडलेल्या सुरकुत्या हात कुठे वळतो ते आपोआप सांगतात.

घराबाहेर गेल्यावर परवानगी विचारल्याशिवाय कुणासमोर बोर्ड मांडून बसू नये. काम करणाऱ्याचा वेळ घेत असाल तर मोबदला द्यावा. व्हॅन गॉग स्वतः थिओच्या पैशांवर जगत असूनही मॉडेलला पैसे देत असे, आणि त्याच्या खर्चाचा मोठा वाटा त्यावर जाई. गावाचा विश्वास गमावला तर काय होते हेही त्याच्याच आयुष्यात दिसते. १८८५ च्या सप्टेंबरमध्ये, तो नेदरलँड्समधील न्यूनेन या गावी राहत असताना, तिथल्या कॅथलिक धर्मगुरूने आपल्या लोकांना त्याच्यासमोर बसण्यास मनाई केली, मॉडेल मिळणे बंद झाले आणि त्या वर्षाअखेरीस त्याने गाव सोडले. काढलेले चित्र मॉडेलला दाखवावे आणि शक्य असेल तर एखादे देऊन टाकावे. पुढच्या वेळी तो माणूस स्वतःहून बोलावतो.

अंतर आणि मोजमाप

नवशिके बहुधा मॉडेलच्या फार जवळ बसतात. १८८१ च्या अखेरीस व्हॅन गॉगची रेखाटने पाहून मॉव्हने सर्वप्रथम हीच गोष्ट सांगितली: तू मॉडेलच्या फार जवळ बसतोस, त्यामुळे प्रमाणांसाठी लागणारी मापे घेताच येत नाहीत. जवळून पाहिले की डोके पाहताना पाय नजरेबाहेर जातात, मान वरखाली करावी लागते आणि प्रत्येक भाग वेगळ्या कोनातून पाहिला जाऊन आकृतीचे तुकडे होतात. मॉडेलच्या उंचीच्या निदान अडीच ते तीन पट अंतरावर बसावे. छोट्या खोलीत इतकी जागा नसेल तर मॉडेलला दरवाजापलीकडे, दुसऱ्या खोलीत बसवावे. दरवाजाची चौकट मोजमापालाही उपयोगी पडते.

माप घेताना हात कोपरात न वाकवता पूर्ण ताठ ठेवावा, एक डोळा मिटावा आणि पेन्सिलीवर अंगठ्याने डोक्याची उंची पकडावी. मग ती उंची खाली किती वेळा बसते ते पाहावे. ताठ उभ्या प्रौढ माणसात ती साधारण साडेसात वेळा बसते, पण हा आकडा पाठ करून वाकलेल्या माणसावर लादू नये. वाकलेल्या, उकिडव्या बसलेल्या आकृतीत अधिक महत्त्वाचे असते ते संपूर्ण आकृतीची उंची आणि रुंदी यांचे नाते. विळीवर बसलेली व्यक्ती बऱ्याचदा जवळजवळ चौकोनात बसते, आणि हे न पाहता काढणारा तिला नकळत उंच करून टाकतो. म्हणून पहिले माप नेहमी सर्वांत मोठे घ्यावे: एकूण उंची, एकूण रुंदी, आणि मग मध्य कुठे येतो.

यथार्थदर्शनाची चौकट

मोजमापाला आणि यथार्थदर्शनाला, म्हणजे जवळ-दूरचे आकार कागदावर योग्य प्रमाणात आणण्याला, मदत म्हणून एक चौकट घरीच करावी. व्हॅन गॉगने १८८२ च्या उन्हाळ्यात हेगमध्ये अशी चौकट करवून घेतली आणि ऑगस्टमधल्या पत्रात तिची आकृती काढून थिओला समजावली. दोन लांब पायांना लाकडी खुंट्यांनी हवी तशी वर किंवा खाली बसवता येणारी ही चौकट समुद्रकाठच्या वाळूत, कुरणात किंवा शेतात रोवली की खिडकीतून पाहिल्यासारखे दृश्य दिसते, आणि तिच्यातले उभे, आडवे, तिरपे दोरे चित्राला काही पक्के आधार देतात, असे त्याने लिहिले आहे. कल्पना त्याची स्वतःची नव्हती. ड्यूरर या जर्मन चित्रकाराने १५२५ मध्येच अशा साधनांची चित्रे छापली होती. पण ती हातात आल्यावर त्याच्या चित्रांतला गोंधळ कमी झाला.

बनवण्यासाठी लाकडाच्या पातळ पट्ट्यांची, आतून ४० सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद अशी चौकट जोडावी. चारही कोपऱ्यांत आणि चारही बाजूंच्या बरोबर मध्यावर लहान खिळे ठोकावेत. मध्यावरच्या खिळ्यांतून एक उभा आणि एक आडवा दोरा, तर कोपऱ्यांच्या खिळ्यांतून दोन तिरपे दोरे ताणून बांधावेत. दोरा काळा आणि जाडसर असावा. पांढरा दोरा उजेडात हरवतो. कागदावर याच प्रमाणाचा, म्हणजे ४:३ आयत आखून त्यात पेन्सिलीने अगदी पुसट अशाच चार रेषा काढाव्यात.

वापरताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. चौकट गळ्यातल्या पाटीसारखी हलता कामा नये. ती खुर्चीच्या पाठीला किंवा तिपाईला बांधून, ओळंबा धरून सरळ उभी करावी. आणि आपला डोळा प्रत्येक वेळी त्याच जागी परत आला पाहिजे. त्यासाठी समोरच्या भिंतीवरची एखादी खूण, उदाहरणार्थ कपाटाचा कोपरा, दोऱ्यांच्या छेदबिंदूवर आली की मगच पाहायचे, असा नियम करावा. मग कपाळ तिरप्या दोऱ्याच्या वर की खाली, टाच उभ्या दोऱ्यापासून किती दूर, असे प्रश्न विचारत दहा-बारा ठिपके कागदावर टाकावेत. रेषा नंतर. ठिपके बरोबर पडले तर रेषेला जायला जागा फारशी उरत नाही.

चौकटीवर अवलंबून राहण्याची सवय लागेल अशी भीती काही शिक्षक दाखवतात. मला ती पटत नाही. व्हॅन गॉगने पुढे पॅरिसमध्येही चौकट वापरली, आणि दरम्यान त्याचा डोळाही तयार होत गेला. काही महिन्यांनी दोरे कल्पनेतच दिसू लागतात. तेव्हा चौकट आपोआप कोपऱ्यात जाते.

एकच स्थिती, अनेक वेळा

इथून पुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि बहुतेक जण नेमका तोच टाळतात. एक चित्र बरे आले की नव्या मॉडेलकडे जावेसे वाटते. एटेनच्या यादीतला तो खणणारा पुन्हा आठवावा: एकच माणूस, एकच काम, पाच वेळा. निसर्ग सुरुवातीला चित्रकाराला नेहमी विरोधच करतो, पण जो मनापासून काम करतो तो त्या विरोधाने मागे हटत नाही, असा विचार त्याने त्याच शरद ऋतूत पत्रात मांडला होता. हा विरोध एका बैठकीत मोडत नाही.

सरावाची रचना अशी करावी. मॉडेलला एक स्थिती द्यावी आणि पाय जिथे आहेत तिथे जमिनीवर खडूने खूण करावी, म्हणजे विश्रांतीनंतर तो त्याच जागी उभा राहील. वाकलेली स्थिती पाच मिनिटांपेक्षा जास्त धरायला सांगू नये. उभी किंवा बसलेली स्थिती वीस मिनिटे चालते. पहिले चित्र समोरून काढावे, दुसरे बाजूने, तिसरे पाठीमागून, चौथे पुन्हा बाजूने पण खाली जमिनीवर बसून, आणि पाचवे न पाहता, आठवणीतून. पाचव्या चित्रात जे आठवत नाही ते पहिल्या चार चित्रांत आपण पाहिलेच नव्हते, हे लगेच कळते. शालेय परीक्षेतल्या मेमरी ड्रॉइंगचा खरा उपयोग इथे आहे.

पाठीमागून काढण्याचा कंटाळा करू नये. न्यूनेनच्या १८८५ च्या रेखाटनांत शेतात वाकून कणसे वेचणारी बाई मागून दिसते. चेहरा जवळजवळ नाहीच. घागऱ्याचा मोठा गडद घुमट, त्याखाली पाय आणि लाकडी बूट एवढेच ठळक आहे, आणि तरीही त्या शरीराचा भार कुठे आहे हे क्षणात कळते. चेहरा नसल्यामुळे चित्रकाराची सुटका झाली आहे. त्याला फक्त वजनाकडे पाहता आले.

बाह्यरेषेने सुरुवात न करता मध्यापासून

ही बाई अशी घडीव कशी झाली याला एक कारण आहे. एप्रिल १८८५ मध्ये व्हॅन गॉगने "बटाटे खाणारे" या चित्राचा शिळाछाप (लिथोग्राफ) काढला आणि तो व्हॅन रॅपार्डला पाठवला. मित्राने आकृत्यांवर, हातांवर कडक टीका केली. व्हॅन गॉग दुखावला, पत्र परत पाठवले. पॅरिसहून सेरे या चित्रकाराचेही आकृत्यांविषयी काही आक्षेप थिओमार्फत पोहोचले. त्या उन्हाळ्यात त्याने रंग बाजूला ठेवून काळ्या खडूने मोठ्या आकृत्यांचा धडाका लावला. याच काळात देलाक्रवा या फ्रेंच चित्रकाराचे एक म्हणणे त्याच्या वाचनात आले होते, ते असे की प्राचीन शिल्पकार आकृती बाह्यरेषेने नव्हे, तर मध्यापासून घडवत. लंबगोल आकारांपासून सुरुवात करत. त्याने ते लगेच हाती घेतले, आणि आधीच्या, एटेनच्या काळातल्या काहीशा कापून चिकटवल्यासारख्या सपाट आकृत्यांच्या जागी गोलाई आलेली माणसे कागदावर उभी राहू लागली.

आपण ते पुढील क्रमाने करावे. प्रथम डोक्यापासून भार पेलणाऱ्या पायापर्यंत जाणारी एकच लांब वक्र रेषा टाकावी. ती शरीराची कड नसून कामाचा ओघ आहे. नंतर बरगड्यांच्या पिंजऱ्यासाठी एक लंबगोल आणि कटीसाठी दुसरा, थोडा आडवा लंबगोल काढावा. ताठ उभ्या माणसात दोन्ही जवळजवळ एकाखाली एक असतात. वाकलेल्यात त्यांच्यातला कोन सगळे चित्र ठरवतो: खुरपणाऱ्या बाईच्या पोटाकडची बाजू मिटते आणि पाठीची बाजू ताणली जाते. या दोन लंबगोलांचे अक्ष बरोबर आले की कोळशाची कांडी आडवी धरून त्यांना मध्यापासून कडेकडे भरत जावे, म्हणजे मध्य गडद आणि कडा मोकळ्या राहतील.

यानंतर स्पर्शाच्या जागा पक्क्या कराव्यात: पाय जमिनीला कुठे टेकले आहेत, हात हत्याराला कुठे धरतात, हत्यार मातीला कुठे लागते. या तीन-चार बिंदूंनी आकृती जमिनीशी बांधली जाते. उभ्या माणसाचा तोल तपासायचा असेल तर गळ्याच्या खळगीपासून ओळंबा सोडल्याची कल्पना करावी. एका पायावर भार असेल तर तो ओळंबा त्या पायाच्या घोट्याजवळ पडतो. वाकून काम करणाऱ्याचे डोके जितके पुढे जाते तितके ढुंगण मागे जाते. हे नाते कागदावर आले नाही तर माणूस तोंडावर पडेल असे वाटते.

मग कपड्यांच्या सुरकुत्या. त्या सगळ्या काढू नयेत. खांदा, कोपर, कंबर आणि गुडघा या ताणाच्या जागांपासून निघणाऱ्या तेवढ्या निवडाव्यात. लुगड्याचा काष्टा घातलेल्या बाईच्या बाबतीत कमरेमागचा कास, मांडीवरचा ताण आणि गुडघ्याखालचा मोकळा भाग यांतूनच पायांची स्थिती कळते. सावलीच्या रेघा आकाराला वळसा घालून माराव्यात. दंडावर आडव्या, गोलाईबरोबर वळणाऱ्या. बाह्यरेषा सर्वांत शेवटी, आणि तीही सगळीकडे सारखी नको. जिथे भार आहे, म्हणजे जमिनीकडच्या टाचेला, टेकलेल्या गुडघ्याला, हत्यार पकडणाऱ्या मुठीला, तिथे ती जाड आणि काळी; जिथे उजेड आहे तिथे ती तुटली तरी चालेल.

हात आणि पाय

हातांसाठी स्वतंत्र पाने ठेवावीत. व्हॅन गॉगने "बटाटे खाणारे" या चित्रापूर्वीच्या हिवाळ्यात शेतकऱ्यांच्या डोक्यांची ओळीने अभ्यासचित्रे केली आणि हातांचीही स्वतंत्र रेखाटने केली. एका पानावर एकाच माणसाचा हात पाच-सहा स्थितींत काढावा: मूठ, पकड, सैल लोंबणारा, काही उचलणारा. बोटे एकेक करून काढू नयेत. चार बोटांचा मिळून एक आकार, अंगठ्याचा दुसरा, आणि तळहाताचा तिसरा, असे तीन ठोकळे धरावेत. कष्टाच्या हाताचे पेर जाड, नखे रुंद असतात; तिथे नाजूकपणा आणला की चित्र खोटे होते.

पावलांचेही तसेच. अनवाणी पाऊल जमिनीवर पसरते, बोटे फाकतात. बुटातले पाऊल पसरत नाही. भातलावणी करणाऱ्याचे पाऊल तर चिखलात दिसतच नाही. मग घोट्याभोवतीचे पाणी आणि चिखलाचा काठच पाऊल कुठे आहे ते सांगतो.

चालू काम काढताना

थांबलेल्या मॉडेलवर हात बसला की चालू कामाकडे जावे. लोहाराचा भाता, मंडईतली हमाली, जुलै महिन्यात मावळात आणि कोकणात चालणारी भातलावणी, इमारतीच्या बांधकामावरची घमेली, सर्वत्र एक सोय असते: काम पुन्हा पुन्हा त्याच स्थितीत येते. आधी दहा मिनिटे काहीही न काढता नुसते पाहावे आणि कामाचे चार थांबे शोधावेत. कुदळीच्या कामात ते उचलणे, डोक्यावर नेणे, मारणे आणि ओढून सोडवणे असे असतात. कागदाचे चार भाग करून प्रत्येक भागात एका थांब्याचे चित्र सुरू करावे, आणि माणूस ज्या स्थितीत येईल त्या चित्रात एक-दोन रेषा वाढवाव्यात. अर्ध्या तासात चारही चित्रे एकदम पुढे सरकतात.

सुरुवातीला "मारणे" काढायचा मोह होतो, पण तो क्षण डोळ्याला पकडता येत नाही. "उचलणे" संपून कुदळ डोक्यावर क्षणभर थांबते तो क्षण दिसतो, आणि त्यातच येणारा घाव असतो. छायाचित्र काढून घरी रेखाटन करण्याचा सोपा मार्ग इथे घेऊ नये. छायाचित्रात कुदळ हवेत लोंबकळते. ती कुठून आली आणि कुठे जाणार हे त्याला माहीत नसते. मोबाईल फार तर हत्याराचा आकार, दोरीची गाठ अशा निर्जीव तपशिलासाठी वापरावा.

चित्रे टिकवणे आणि मूळ चित्रे पाहणे

कोळसा आणि मऊ शिसे पुसले जाते. व्हॅन गॉग पेन्सिलीच्या चित्रावर पाणी मिसळलेले दूध ओतत असे. त्याने रेघ घट्ट बसे आणि शिशाची चकाकीही जाई. आपल्या दमट हवेत दुधाने बुरशी धरते आणि मुंग्या येतात, म्हणून कलासाहित्याच्या दुकानातले फिक्सेटिव्ह खिडकी उघडी ठेवून, एक हात अंतरावरून दोन पातळ फवाऱ्यांत मारावे. प्रत्येक कागदाच्या मागे तारीख, जागा, कोणते काम आणि किती वेळ लागला हे लिहावे. फसलेली चित्रे फेकू नयेत.

मूळ चित्रे पाहायची असतील तर ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात त्याची सुमारे ५०० रेखाटने आहेत, आणि ओटरलो येथील क्रोलर-म्युलर संग्रहालयातही मोठा संग्रह आहे. कागदावरच्या कामाला उजेड सोसत नसल्याने ती भिंतीवर कायम लावलेली नसतात. त्यामुळे नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या किंवा तिथे जाणाऱ्या मराठी वाचकांनीही आधी कोणती चित्रे प्रदर्शित आहेत ते पाहून जावे. इतरांना संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर ती मोठी करून पाहता येतात, आणि त्याची पत्रेही २००९ पासून आंतरजालावर मोफत वाचता येतात.

पाहताना एक अभ्यास जरूर करावा. एटेनच्या यादीतला, कोपरे गुडघ्यांवर टेकवून डोके हातात धरलेला म्हातारा पुढे दोनदा परतला. नोव्हेंबर १८८२ मध्ये हेगच्या वृद्धाश्रमातल्या एड्रियानस झाउडरलँड या वृद्धाला तसेच बसवून त्याने रेखाटन आणि शिळाछाप केला, आणि मे १८९० मध्ये फ्रान्समधील सां-रेमी येथे त्या छाप्यावरून निळ्या कपड्यांतल्या म्हाताऱ्याचे रंगचित्र केले. १८८१, १८८२ आणि १८९० ही तिन्ही चित्रे शेजारी ठेवावीत. आधी फक्त पाठीची रेषा तिन्हींत पाहावी, मग कोपर आणि गुडघा जिथे भेटतात ती जागा, मग बूट जमिनीला कसे टेकतात ते. तिन्हींची लहान रेखाटने एकाच पानावर करून, त्याच स्थितीत घरच्या कुणाला खुर्चीवर बसवून चौथे काढावे.